सायकलस्वाराचे वय आणि रस्त्याचा न्याय

सायकलस्वार बेशिस्त असतात, हे विधान मोटारीच्या काचेआडून, वाचकांच्या पत्रव्यवहारातून आणि रस्ता सुरक्षा सप्ताहाच्या व्यासपीठावरून आजकाल इतक्या सहजतेने केले जाते की, हा सायकलस्वार नावाचा इसम नेमका कोण, त्याचे वय काय, तो कोणत्या कामासाठी आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी रस्त्यावर आलेला आहे, याची चौकशी करण्याची गरज कोणासही वाटेनाशी झाली आहे. सिग्नल लाल असताना पुढे सरकणारा, उलट दिशेने येणारा, हात न दाखविता उजवीकडे वळणारा आणि रात्री दिव्यावाचून फिरणारा असा एक काल्पनिक आरोपी उभा करावयाचा आणि त्यास शिस्तीचा उपदेश करून मोकळे व्हावयाचे, हा परिपाठ सोयीचा असला तरी न्यायाचा नाही. नऊ वर्षांचा मुलगा, पंधरा वर्षांची विद्यार्थिनी, पस्तिशीतला पाळीचा कामगार आणि सत्तरी ओलांडलेला निवृत्त कारकून हे चौघेही एकच चूक करतात तेव्हा तिचे मूळ चार निरनिराळ्या ठिकाणी असते, आणि मूळ निराळे तर इलाजही निराळाच असावयास हवा. ज्याची जेवढी कुवत तेवढी शिस्त त्याच्याकडून निक्षून मागावी, आणि कुवतीपलीकडे जे उरते त्याचा भार रस्त्याने व रस्त्यावरील वेगवान वाहनाने उचलावा, असे माझे म्हणणे आहे. आणि या म्हणण्यातील पहिला भाग सायकलप्रेमींना व दुसरा मोटारवाल्यांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

जुन्या पुण्याचा दाखला येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. सायकलींचे शहर असा लौकिक या शहरास होता, त्या काळी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातला कामगार, पेठेतला वकील, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला विद्यार्थी आणि क्वचित त्याचा प्राध्यापकही एकाच रस्त्याने एकाच प्रकारच्या वाहनावर बसून जात असत. सायकल हे तेव्हा सरकारदरबारी दखल घेतले जाणारे वाहन होते: महानगरपालिकांना वाहनांवर कर बसविण्याची मुभा १९४९ च्या अधिनियमाने दिलेली होती, आणि कर भरल्याची निशाणी म्हणून धातूचा बिल्ला सायकलीवर वागवावा लागे. दिवेलागणीनंतर दिव्यावाचून सायकल चालविणे आणि मागे-पुढे कोणास डबलसीट घेणे या दोन्ही गोष्टी दंडास पात्र असत. चौकात हवालदार दिसताच खाली उतरून, सायकल हाती धरून साळसूदपणे चालू लागणारा आणि हवालदाराची पाठ वळताच पुन्हा टांग मारून पसार होणारा पुणेकर हा तर त्या काळच्या विनोदी लेखनाचा हुकमी विषयच होऊन बसला होता. त्या हवालदाराची आपण पुष्कळ चेष्टा केली. परंतु दिव्याच्या बाबतीत तो बरोबर होता, असे आता म्हणावेसे वाटते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

त्या गर्दीत एक अलिखित शिक्षण होते. वडिलांच्या सायकलीमागोमाग आपली छोटी सायकल हाकणाऱ्या मुलास उजवीकडे वळण्यापूर्वी मागे पाहावे, हात दाखवावा, टांग्याच्या चाकापासून दूर राहावे, हे कोणी पाठ करवून घेतले नव्हते. आजूबाजूची शंभर माणसे तसे करीत होती, म्हणून तोही तसे करी. पुढे आकुर्डीच्या बजाज कारखान्यातली स्कूटर वर्षानुवर्षे नंबर लावून मिळू लागली, १९७२ साली लुना आली, आणि ज्यास ज्यास परवडले तो तो कमावता मध्यमवर्गीय गृहस्थ सायकलीवरून उतरून पेट्रोलवर बसला. त्याच्यामागे सायकलीवर कोण उरले ते पाहावे. ज्यांना कायद्याने मोटारसायकल चालविता येत नाही ती शाळकरी मुले. ज्यांना ती परवडत नाही असे पहारेकरी, गवंडी, मागवाले आणि वाहतूक-खर्च वाचवू पाहणारे कामगार. ज्यांची सवय सुटत नाही असे वृद्ध. आणि अगदी अलीकडे पहाटेच्या प्रहरी रंगीत पेहराव करून सिंहगडाच्या नाहीतर लोणावळ्याच्या दिशेने निघणारे हौशी लोक. नियम ठाऊक असलेला, नियम पाळण्याची ऐपत असलेला, आणि ज्याच्याकडे पाहून इतरांनी शिकावे असा प्रौढ स्वार या मांडणीतून नाहीसा झाला. सायकलस्वारांच्या बेशिस्तीची मीमांसा करताना ही गोष्ट सहसा कोणी हिशेबात घेत नाही.

आणि हा वर्ग संख्येने मामुली आहे असेही नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्यासाठी सायकल वापरणाऱ्यांची संख्या देशभरात अडीच कोटींहून अधिक भरली होती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील जवळजवळ निम्म्या घरांत सायकल आढळली. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत सायकलस्वारांचा वाटा सुमारे तीन टक्क्यांचा होता. हा आकडा पाहून समाधानाचा सुस्कारा टाकणारे लोक मला भेटलेले आहेत. परंतु ज्या रस्त्यावर पाय ठेवण्याचे धाडस होत नाही म्हणून माणसे तो सोडून गेली, त्या रस्त्यावर ती मरत नाहीत यात रस्त्याची थोरवी कोणती? शिवाय तीन टक्के म्हणजे वर्षाकाठी हजारोंच्या घरातली माणसे होत, आणि हातपाय मोडून घरी बसलेल्यांची, विशेषतः कोणत्याही वाहनाचा धक्का न लागता पडलेल्यांची, गणती पोलिसांच्या दप्तरी बहुधा होतच नाही.

आधी मुलांचा विचार करू. एखाद्या गृहरचना संस्थेच्या फाटकाशी पंधरा मिनिटे उभे राहून दहाएक वर्षांच्या मुलाकडे बारकाईने पाहावे, म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. पुढेही वापरता यावी म्हणून आईबापांनी त्याला दोन मापे मोठी सायकल घेऊन दिलेली असते. बैठकीवर बसल्यास त्याचे पाय जमिनीस टेकत नाहीत, आणि पंजा लहान असल्याने हँडल धरून ब्रेकची मूठ आवळण्यास बोटे पुरत नाहीत, म्हणून तो चपला घासून सायकल थांबवितो. उजवीकडे वळण्यापूर्वी मागे पाहण्याचा धडा त्याने शाळेत ऐकलेला असतो व तो इमानाने मागे पाहतोही. परंतु मान वळविताच त्याचा खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळते, आणि मागचे वाहन पाहण्याच्या प्रयत्नातच तो त्या वाहनाच्या वाटेत हातभर सरकतो. त्याच वेळी हात दाखवावयाचा म्हटला तर एका हाताने सायकल सावरणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणजे नियम पाळल्यामुळेच तो संकटात येतो. मोठ्या माणसांच्या पुस्तकातील नियम लहान माणसाच्या शरीरावर चढविण्याचा हा परिणाम होय.

यात मुलाचा हट्ट नाही, दुर्लक्षही नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टिना सांडेल्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लहान मुलांना आधुनिक रहदारीशी जुळवून घेण्यास शिकविता येईल ही समजूतच मुळात चुकीची आहे, असे प्रतिपादन केले, आणि त्यानंतरच्या संशोधनाने त्यास बळकटीच आणली. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ साली असे दाखवून दिले की, प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन जवळ येत आहे हे खात्रीने ओळखता येईलच असे नाही. समोरून येणारी वस्तू डोळ्यात किती झपाट्याने मोठी होत आहे यावरून वेगाचा अदमास घेण्याची जी शक्ती प्रौढांस असते, ती मुलांत अद्याप पक्व झालेली नसते. यातून जो विपरीत न्याय निष्पन्न होतो तो असा की, वाहन जितके अधिक वेगवान, म्हणजे जितके अधिक घातक, तितके ते मुलास थांबलेले वाटण्याचा संभव अधिक. अशा मुलास 'नीट बघून जात जा, बाळ' असे सांगणारी आई आपले कर्तव्य करीत असते; परंतु तेवढ्यावर विसंबून राहणारी नगरपालिका आपले कर्तव्य करीत नसते.

हॉलंड देशाचे उदाहरण सायकलीच्या संदर्भात हमखास दिले जाते, पण त्याचा क्रम बहुधा उलटा सांगितला जातो. डच मुले शाळेत वाहतुकीची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा देतात हे खरे, आणि ती परंपरा जुनी आहे हेही खरे. तरीसुद्धा १९७१ या एकाच वर्षी त्या चिमुकल्या देशात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर बळी पडली. शिक्षण होते, शिस्त होती, तरी मुले मरत होती. एका वृत्तपत्राच्या पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अशा अपघातात गेली होती, लिहिलेल्या लेखातून बालहत्या थांबवा या नावाची चळवळ उभी राहिली. मायबापांनी रस्ते अडविले. तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्यास जोर आणला. आणि मग हळूहळू वस्तीतील रस्त्यांवरचा वेग उतरला, सायकलींचे मार्ग अलग झाले, चौकांची रचना बदलली. कायद्यानेही आपली भूमिका स्पष्ट केली: मोटार आणि चौदा वर्षांखालील सायकलस्वार यांची टक्कर झाल्यास, मुलाने जाणूनबुजून स्वतःस झोकून दिल्याचा अपवाद वगळता, नुकसानीची संपूर्ण जबाबदारी मोटारीकडे. त्या देशाचे यश परीक्षेचे आहे असे मानून आपल्याकडे शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा आणि शपथविधी चालतात, ही आपली सोयीस्कर निवड होय.

आपल्याकडे करावयाचे ते फार अवघड नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या ११२ व्या कलमाने विशिष्ट ठिकाणी वेगमर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास दिलेलाच आहे. शाळेभोवतालच्या आणि वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ताशी ३० किलोमीटरने चालणारी मोटार एका सेकंदात आठ-साडेआठ मीटर जाते, ६० ने चालणारी जवळजवळ सतरा. पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट वेगाची धडक चौपट जबर असते. फलक लावून भागणार नाही, हे मी जाणतो. मर्यादा पाळविली जाते ती रस्ता अरुंद करण्याने, चौकाचे कोपरे आवळण्याने आणि शास्त्रशुद्ध उंचवट्यांनी. ज्या ओबडधोबड गतिरोधकांवर मोटारीचे काही बिघडत नाही पण सायकलीवरून आजोबा पडतात, त्यांनी नव्हे.

आजोबांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्याविषयीही बोलून घेऊ. वृद्ध सायकलस्वाराची चूक ही बहुधा चूक नसून शरीराची कसर असते. मान पुरती वळत नाही, म्हणून तो मागे पाहत नाही; मागून येणाऱ्या विजेवर चालणाऱ्या वाहनाचा आवाज ऐकू येत नाही; चौकात पाय टेकून थांबावयाचे तर उंच दांड्याच्या जुन्या सायकलीवरून पाय लवकर उतरत नाही, म्हणून थांबणे टाळण्यासाठी तो लाल सिग्नलमधून हळूहळू पुढे जात राहतो, आणि सायकलीचा गुण असा की ती जितकी हळू चालवावी तितकी अधिक डगमगते. २०२२ साली हॉलंडमध्ये २९१ सायकलस्वार मृत्यू पावले आणि त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. उत्तमोत्तम मार्ग असतानाही ही गत, कारण विजेच्या सायकलींनी वृद्धांच्या हाती असा वेग दिला की जो सावरण्यास त्यांचे शरीर पुरे पडत नाही. उतारवयातील जखमा पुष्कळदा कोणाचा धक्का न लागता, नुसत्या पडण्याने होतात. आपल्या शहरांत पाडण्याची तजवीज तर जागोजाग केलेली असते: गटारावरील जाळीचे गज रस्त्याच्या दिशेस समांतर बसविले की सायकलीचे चाक त्यांत अलगद अडकते, आणि हे गज आडवे बसविण्यास एका पैचाही जादा खर्च येत नाही. वृद्धांनी कमी उंचीच्या दांड्याची, ज्यास आपण लेडीज सायकल म्हणतो ती, वापरण्यास संकोचू नये, पिशवी हँडलला न अडकविता कॅरिअरवर बांधावी आणि शिरस्त्राण घालावे. मुलांनीही घालावे. परंतु शिरस्त्राण सर्वांस सक्तीचे करा, या नेहमीच्या मागणीशी मी सहमत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने जगात प्रथम १९९० साली अशी सक्ती केली, आणि तिचा एक परिणाम असा झाला की किशोरवयीन मुलामुलींनी सायकलच सोडली. ज्या पहारेकऱ्यास दिवसाच्या मजुरीतून पंक्चरचे पैसे काढताना विचार करावा लागतो, त्याच्या डोक्यावर ही सक्ती लादणे म्हणजे त्यास सायकलीवरून उतरविणेच होय.

किशोरवयीनांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्यांची कुवत पुरी असते आणि दोष उघड असतो. शिकवणीचा वर्ग सुटल्यावर तिघे-चौघे शेजारी शेजारी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, कानात गाणी घालून जातात. एकटा असताना तोच मुलगा नीट चालतो. येथे दरडावून सांगण्यास काही हरकत नाही आणि पालकांना जाब विचारण्यासही नाही. एक पळवाट मात्र बुजविली पाहिजे: २५० वॅट शक्तीपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाणारी विजेची दुचाकी मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही, तिला नोंदणी नको, परवाना नको, या सवलतीच्या आडून त्याहून कितीतरी वेगाने जाणारी वाहने चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती आलेली आपण रोज पाहतो. अल्पवयीनाने मोटार वाहन चालविल्यास पालकास २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी कडक तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली खरी. पण पळवाट मोकळी असता ती कागदावरच राहावयाची.

मुलींची गोष्ट निराळी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल दिली जाते, आणि ज्या घरातून मुलीस प्रवासापुरतेही पैसे मिळण्याची मारामार, तेथे या सायकलीने मुलीचे शिक्षण टिकविले आहे, हे निर्विवाद आहे. परंतु ही मुलगी बहुधा आपल्या घरातील पहिलीच सायकलस्वार. तिची आई कधी सायकलीवर बसलेली नाही. आणि तिच्या वाटेवर हिवाळ्यात संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्या असतात, ज्यांस मागे दिवा नसतो आणि ज्यांचा ऊस दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर आलेला असतो. सायकल देण्याचा जो सरकारी निर्णय, त्यातच पुढे-मागे दिवे आणि शाळेच्या पटांगणावर दोन दिवसांचा सराव समाविष्ट करण्यास खर्च तो कितीसा येणार?

आता ज्याच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्याच्याकडे वळतो. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात किंवा इचलकरंजीच्या मागांच्या वस्तीत दुसरी पाळी सुटते तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास सायकलीवर निघणारा जो माणूस, तो तीस ते पंचेचाळीस वर्षांचा, डोळ्याने तीक्ष्ण, अंगाने काटक आणि रस्त्याचा जाणकार असतो. त्यास नियम कळत नाहीत असे म्हणणे त्याचा अपमान आहे. तरीही तो उलट दिशेने येतो, आणि का येतो हे त्याच्या जागी उभे राहून पाहिले म्हणजे समजते. कारखान्याचे फाटक महामार्गाच्या एका अंगास, खोली दुसऱ्या अंगास. मधल्या दुभाजकात पहिली फट डावीकडे किलोमीटरभर पुढे. सरळ मार्गाने जावयाचे तर तेवढे पुढे जा, भरधाव कंटेनरांच्या मधून उजव्या कडेस या, तेथे वळा आणि तेवढेच परत या. उलट मार्गाने चारशे पावलांत घर. दहा तास उभे राहून आलेल्या पायांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. मोटारवाल्यास त्याच जागी यू-टर्न घेण्यास फक्त अंगठ्याने स्टिअरिंग फिरवावे लागते. सायकलस्वारास प्रत्येक मीटर आपल्या मांड्यांनी विकत घ्यावा लागतो, हा फरक दुभाजक आखणाऱ्या अभियंत्याच्या नकाशात कोठेच नसतो.

तरी उलट दिशेचे समर्थन मी करीत नाही. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक आपल्या उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडूनच यावयाची असतात. डावीकडून, म्हणजे उलट बाजूने, कडेकडेने येणारा सायकलस्वार त्याच्या दृष्टीच्या कक्षेतच नसतो. हा धोका कामगारास समजावून सांगितला पाहिजे, तसाच डाव्या हातास वळणाऱ्या डंपरच्या कुशीत शिरण्याचाही. चालकाच्या डाव्या दरवाजाखालची जागा त्यास आरशातही धड दिसत नाही. पण समजावून सांगून जेवढे साधेल त्याहून अधिक साधेल ते कारखान्याच्या फाटकासमोर सायकल आणि पायी जाणाऱ्यांपुरती ओलांडण्याची जागा करून देण्याने. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात मार्गांचे जाळे कागदावर तरी विस्तृत होते. प्रत्यक्षात सायकल मार्गावर सिमेंटचे ठोकळे उखडलेले, मध्येच विजेची पेटी, पुढे उभ्या केलेल्या दुचाक्या आणि शेवटी पायरीएवढा उतार, असा अनुभव घेतलेला स्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर उतरला तर त्यास दोष देण्याचा अधिकार पालिकेस पोहोचत नाही.

परंतु दिव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि येथे मी कामगारास सूट देऊ इच्छीत नाही. डिमरच्या उजेडात गडद कपड्यातील माणूस चालकास फार तर तीस-चाळीस मीटरवरून दिसतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी, चालकाने पाहून ब्रेक दाबेपर्यंतच पंचवीस मीटर पुढे आलेली असते. म्हणजे सावध, निर्व्यसनी आणि कायदेशीर वेगाने चालणारा चालकसुद्धा या माणसास वाचवू शकेलच असे नाही. नेमक्या याच माणसाच्या सायकलीस दिवा नसतो. पूर्वी चाकाला घासून चालणारा डायनॅमो असे. तो गेला, आणि नवी सायकल दुकानातून येते ती दिव्यावाचून, पुष्कळदा घंटी आणि मडगार्डवाचूनही. सायकलीवरील परावर्तकांच्या दर्जाविषयी केंद्र सरकारने २०२० साली हुकूम काढला तो स्वागतार्हच होता, पण परावर्तक दुसऱ्याच्या उजेडावर जगतो आणि दहा वर्षे जुन्या सायकलीवर तो केव्हाच फुटलेला असतो. उलट हौशी सायकलपटूंच्या ब्रेवे नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरीत, जेथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात, पुढे-मागे चालू दिवे आणि अंगावर चकाकणारा अंगरखा असल्यावाचून स्वारास निघूच देत नाहीत. वर्षातून चार रात्री हौसेने रस्त्यावर येणाऱ्याजवळ दोन-दोन दिवे, आणि बारा महिने पोटासाठी येणाऱ्याजवळ एकही नाही.

दिवा लावण्यास कुवत लागते ती एवढीच की तो असावा आणि बटण दाबावे. तेव्हा दिव्यावाचून सायकल चालविण्यास बंदी पुन्हा जारी करावी आणि ती जुन्या हवालदाराच्याच निष्ठेने अमलात आणावी, असे माझे मत आहे. फरक एवढाच करावा की पहिल्या वेळी दंडाची पावती फाडण्याऐवजी पोलिसांनी जागच्या जागी दिवा बसवून द्यावा आणि किमतीची पावती फाडावी. दुसऱ्या वेळी मात्र दयामाया नको. काही शे रुपयांचा हा जिन्नस घेणे ज्यास जड, त्याचा भार मालकावर किंवा ठेकेदारावर टाकावा. पहारेकऱ्यास गणवेश, शिट्टी आणि काठी देणारा ठेकेदार त्यास रात्री दहाला अंधारातून बोलावतो, तेव्हा त्या यादीत दिव्याची भर घालण्यास कामगार आयुक्तांचे एक परिपत्रक पुरेसे आहे. कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी पाळी सुटण्याच्या वेळी फाटकावरच सायकली पाहाव्यात, जसे ते आत येणाऱ्याचे ओळखपत्र पाहतात. दिवसा दिवा न वापरणाऱ्या शाळकरी मुलांना किंवा पेठेतल्या पेठेत भाजी आणणाऱ्या वृद्धांना या जाचात ओढू नये. सूर्यास्तानंतर महामार्गावर आणि औद्योगिक हद्दीतील रस्त्यांवर येणाऱ्या प्रौढांपुरताच तो ठेवावा. आणि हे करावयाचे तर पावसाळा सरल्यावर, उसाचा हंगाम सुरू होऊन ट्रॉल्या रस्त्यावर येण्यापूर्वी करावे. ट्रॉल्यांच्या मागील दिव्यांची तपासणीही त्याच पथकाकडे सोपवावी, म्हणजे कायदा फक्त सायकलवाल्यालाच दिसतो, ही कामगाराची रास्त तक्रार उरणार नाही.